बाळ कोणापाशी ठेवायचे?

शेतातल्या कामाला तारीख नसते. पाऊस पडला की पेरणी. वाफसा आला की खुरपणी. बोंडे फुटली की वेचणी. पाऊस कधी पडणार आणि बोंडे कधी फुटणार, हे कोणी आधी सांगू शकते का? नाही. म्हणून मजुरीचा निरोपही आधी येत नाही. दिवेलागणीला मुकादमीण ओट्यापाशी येते. "उद्या मळ्यात खुरपायला यायचं हाय. आठाला निघू," असे म्हणते आणि पुढच्या घरी जाते.

ज्या बाईला अंगावर पिणारे मूल आहे, तिच्या जिवाची त्या वेळी घालमेल होते. मजुरी तर हवी आहे. बाळंतपणात घरात पैसा आला नाही, उलट गेलाच. आता चार पैसे आणायचे दिवस आले. पण बाळ कोणापाशी ठेवायचे?

एका रात्रीत सोय होते का? होते, पण कशी होते ते पाहा. सासूबाईंना आधी विचारलेले नसते, त्यांचा उद्या बाजाराला जायचा बेत असतो. जाऊबाईंना तोच निरोप आलेला असतो. शेजारीण म्हणते, "मला सांजच्याला सांगितलं असतंस तर मी र्‍हायले असते." शेवटी आई थोरल्या मुलीकडे वळते. "आजच्या दिस शाळा राहू दे. बाळाला बघ." आजचा दिवस, मग उद्याचा दिवस, असे म्हणता म्हणता हंगाम संपतो. तोवर मुलीचा अभ्यास पार मागे पडलेला असतो.

म्हणजे सोय आपण केली नाही तर ती आपोआप होते, आणि बहुतेक वेळा नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर जाऊन बसते.

"पण कामाची तारीख कळल्याबिगर सोय करायची तरी कशी?" असे बाया आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र तारीख कळत नसली तरी बाकीच्या पुष्कळ गोष्टी आधी कळतात. त्या धरून सोय करता येते.

पहिली गोष्ट म्हणजे महिना. तारीख सांगता आली नाही तरी महिना सांगता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे कामाचे तास. आपल्या भागात मजूर किती वाजता निघतात आणि किती वाजता परततात, हे प्रत्येकीला ठाऊक असते. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तीच आपण विसरतो. कामाचा निरोप येईल तेव्हा बाळ केवढे असेल?

बोटांवर मोजून पाहू. समजा, मूल फाल्गुनात जन्मले. ज्येष्ठात पेरणीचा निरोप येईल तेव्हा ते तीन महिन्यांचे असेल. श्रावणातल्या खुरपणीला पाच महिन्यांचे. कार्तिकात कापूस वेचायला जायची वेळ येईल तेव्हा आठ महिन्यांचे. आणि पौषातल्या वेचणीला दहा महिन्यांचे.

आता विचार करा. तीन महिन्यांचे मूल ठेवाल तेथे पडून राहते. त्याला सांभाळायला म्हातारी आजी पुरते. तिचे गुडघे दुखत असले तरी चालते, कारण तिला धावायचे नसते. पण तीन महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही द्यायचे नसते. म्हणजे आजी पुरते, पण आई लांब जाऊन चालत नाही. आठ महिन्यांचे मूल खिमट खाते, वाटीने पाणी पिते. आई दुपारभर लांब राहिली तरी त्याचे पोट भरते. पण ते रांगते! चुलीकडे जाते, पाण्याच्या बादलीकडे जाते, खाली पडलेला दाणा तोंडात घालते. त्याच्यामागे तीच आजी धावू शकत नाही. म्हणजे ज्येष्ठात जी सोय बरी होती, ती कार्तिकात धोक्याची झाली. आजी तीच आणि घरही तेच, मूल मात्र बदललेले असते.

म्हणून सोय एकदाच करून भागत नाही. हंगामाप्रमाणे दोनदा-तीनदा करावी लागते. पण त्या त्या वेळी काय लागेल, हे आजच सांगता येते.

आता माणूस कसा ठरवायचा ते पाहू. दिवस ठरण्याची वाट पाहू नये, माणूस आधी ठरवावा.

सासू घरात आहे म्हणजे सोय झाली, असे आपण धरून चालतो. तसे धरू नये. सासूबाईंना नीट विचारावे. आपल्याकडे अशी बोलणी पुष्कळदा अर्धवट होतात.

"आत्याबाई, कामाला जायला लागले म्हंजे बाळाला बघाल न्हवं?"

"बघू की."

हे "बघू की" म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. त्याच्या भरवशावर मजुरी ठरवू नये. बोलणे असे झाले पाहिजे:

"आत्याबाई, पेरणी झाली की खुरपणीचा निरोप येईल. कंच्या दिशी येईल ते ठावं न्हाई. आदल्या सांजेला कळंल. सकाळी आठपासून सांजच्या सहापर्यंत बाळ तुमच्यापाशी र्‍हाईल. हप्त्यातनं चार दिस. तुम्हांला झेपंल का?"

"चार दिस न्हाई झेपायचं गं. बाजारादिशी मी न्हाई. आन् माझं अंग दुखत असंल त्या दिशीबी न्हाई."

पाहा, किती चांगले उत्तर मिळाले! आता सुनेला कळले की तीन दिवस आजी आहे आणि एक दिवस दुसरे कोणी पाहिजे. आधी दिलेला नकार हा मोठा उपकार असतो. ऐनवेळचा नकार मात्र मजुरी बुडवतो. आणि म्हातारीवर किती भार टाकायचा, याचाही विचार व्हावा. तिने आपली पोरे वाढवली, जन्मभर काम केले. तिला "न्हाई" म्हणायची मोकळीक हवी.

दुसरे माणूस ठरवलेच पाहिजे. एकाच माणसावर विसंबलेली सोय पहिल्या तापाला मोडते. दुसरे माणूस म्हणजे शेजारची काकू असेल, चुलत जाऊ असेल, माहेर जवळ असेल तर आई असेल. तिला स्पष्ट सांगावे, "आत्याबाईंना जमलं न्हाई तरच मी तुमच्याकडं येईन. रात्री नवाच्या आत सांगीन."

आणि घरातला पुरुष? हे सारे बाईलाच का सांगता, असे कोणी विचारील, आणि त्याचे विचारणे बरोबर आहे. बाळ दोघांचे आहे. ज्या दिवशी नवऱ्याला काम नाही आणि बायकोला आहे, त्या दिवशी बाळ बापापाशी राहावे. बापाला खिमट भरवता येत नाही, असे म्हणतात. बैलाला आंबोण करून घालता येते, मग मुलाला दोन घास का भरवता येऊ नयेत? शिकावे लागते, इतकेच. तेही निरोप येण्याआधीच शिकावे.

शेजारणीपाशी मूल ठेवायचे असेल तर पैशाचे बोलणे आधी व्हावे. आपल्याला संकोच वाटतो. "शेजारधर्म आहे, पैसे कसले?" असे आपण म्हणतो. पण दुसऱ्याचे मूल दिवसभर सांभाळणे हे खुरपण्यापेक्षा हलके काम नाही. बोलणे झाले नाही की दोन आठवड्यांनी कुरबूर सुरू होते, आणि ती मुलाच्या अंगावर निघते. म्हणून दिवसाला किती, हे ठरवावे. आणखी एक गोष्ट ठरवावी. काम कधी येईल हे ठाऊक नाही. मग शेजारणीने आपली मजुरी सोडून रोज मोकळे राहायचे का? ते न्यायाचे नाही. तेव्हा असे ठरवावे की रात्री नऊपर्यंत निरोप दिला नाही तर ती मोकळी. निरोप दिला आणि सकाळी काम मोडले, तर तिला अर्धा रोज द्यावा. कॅलेंडरवर त्या त्या तारखेपाशी खूण करावी आणि बाजाराच्या दिवशी हिशोब चुकता करावा. आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. तोंडी हिशोबावर भांडण होते, लिहिलेल्यावर सहसा होत नाही.

पैसा नसेल तर सावड करता येईल. सावड आपल्याला नवी नाही. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, मिळून औत जुंपतात. मुलांच्या बाबतीतही तसे होते. चार जणी एकत्र या. रोज तिघींनी कामावर जावे, एकीने घरी राहून सगळ्यांची मुले सांभाळावी. दुसऱ्या दिवशी दुसरीची पाळी. मजुरी चौघींत वाटून घ्यावी. समजा, रोज ३०० रुपये आहे. तिघींचे ९०० रुपये झाले. चौघींत वाटले तर प्रत्येकीला २२५ रुपये. म्हणजे प्रत्येकीचे ७५ रुपये गेले. सोय नाही म्हणून घरी बसली असती तर ३०० गेले असते. वेचणीसारखे किलोवर मजुरीचे काम असेल तर हिशोब जरा अवघड होतो, कारण कोणाचा हात चालतो, कोणाचा रेंगाळतो. तेथे घरी राहणारीला किती द्यायचे, हा आकडा आधी पक्का करून टाकावा.

एक लक्षात ठेवा. एका बाईला किती मुले झेपतात? तान्ही दोन आणि चालती दोन, याहून जास्त देऊ नयेत, असे आम्हांला वाटते. चारही रांगती असतील तर एका बाईला ती आवरणार नाहीत.

मोठ्या कामावर तर ही सोय काम देणाऱ्यानेच करायची असते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. त्यात असे होते की, कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली तर एका बाईला त्यांना सांभाळायला ठेवावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. पुष्कळ बायांना हे कधी कळलेच नाही. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. म्हणून आज तुमच्या कामावर कोणता नियम लागू आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे, आणि एकटीने न जाता चौघींनी जावे. खाजगी शेतावर असा नियम नाही. पण वीस-पंचवीस बायांची टोळी असेल तर मुकादमिणीने मालकाशी बोलून पाहायला काय हरकत आहे? एक बाई मुलांपाशी राहिली तर दहा बाया निवांत मनाने काम करतात.

कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. तिला परत कधी जायचे, ते कायद्याने ठरते. मुंबई इलाख्यात १९२९ साली गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठी बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याआधी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या बिलाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पुढे १९६१ साली देशाचा कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. जेथे ५० किंवा जास्त माणसे कामाला आहेत तेथे पाळणाघर असावे, असेही कायदा सांगतो. तुमची लेक किंवा सून शहरात नोकरीला असेल तर तिला हे सांगा. शेतमजूर बाईला मात्र अशी तारीख कोणी ठरवून दिलेली नाही.

म्हणून आपली तारीख आपणच सांगावी. मुकादमिणीला आधी कळवावे. "आक्का, बाळ तीन महिन्यांचं झाल्याबिगर मला निरोप धाडू नगा. त्याच्यानंतर धाडा. पन आदल्या दिशी दुपारपतूर कळवा. आन् सहा महिन्यांचं होईस्तोवर गावाजवळच्या रानात लावा. दुपारच्याला पाजाया घरी येता यील." मुकादमीण सगळे मान्य करील असे नाही. पण तिलाही कामाला येणारी, मध्येच पळून न जाणारी बाई हवी असते. काही तरी मान्य करतेच.

अंगणवाडीचे काय? अंगणवाडी हा शब्द आज खेड्याखेड्यात आहे. तो आला आपल्याच मुलुखातून. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत काम करताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्यावर त्या मुलांना रागावल्या नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा शेजारी शेजारी आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरले वर्गात. आमच्या मते हा उपाय आजही जुना झालेला नाही.

सरकारी अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झाल्या. तेथे तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, खातात, गाणी शिकतात. त्याहून धाकट्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. पण अंगणवाडी काही तासच भरते. आई सहाला येते, अंगणवाडी त्याच्या किती तरी आधी सुटते. तेव्हा अंगणवाडी ही अर्धी सोय समजावी. सुटल्यावर मुलाला घरी कोण आणणार, हे ठरवले तरच ती पुरी होते. २०२२ सालापासून केंद्र सरकारची पाळणा नावाची योजना आहे. तिच्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाळणाघरात ठेवता येते. सगळ्या गावांत ती नाही. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात आहे का, ते अंगणवाडीताईंना विचारावे. नसेल तर ग्रामसभेत मागणी करावी. मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

काही बायांना मूल रानात न्यावेच लागते. अंगावर पिणारे असेल तर तेच बरे, असेही कधी असते. मग जागा पाहून झोळी बांधावी. विहिरीपासून लांब, बांधावरच्या गवतापासून लांब, ट्रॅक्टर वळतो त्या जागेपासून लांब. झोळीच्या दोरीला मुंग्या लागतात, त्या पाहाव्या. उसाच्या सरीत मूल निजवू नये. पाचटात ते दिसत नाही, आणि गाडी मागे घेणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. आणि ज्या दिवशी फवारणी असेल, त्या दिवशी मूल रानात न्यायचे नाही. मजुरी बुडाली तरी न्यायचे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात जाऊन धडधाकट माणसे दगावली. तान्ह्या जिवाची काय कथा? फवारलेल्या रानातून आलेल्या आईने आधी हातपाय साबणाने धुवावे, लुगडे बदलावे, मगच बाळाला घ्यावे.

आता दुधाचे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. पाणी नाही, गुटी नाही, गाईचे दूध नाही. आई चार तासांपेक्षा जास्त वेळ लांब राहणार असेल तर दूध काढून ठेवता येते. हे पुष्कळ जणींना नवल वाटते. पण त्यात अवघड काही नाही. हात साबणाने धुवावे. स्टीलची वाटी आणि तिचे झाकण पाण्यात उकळून घ्यावे. दूध हाताने वाटीत काढावे, झाकण ठेवावे, माठाजवळ गार जागी ठेवावे. ते चार तासांच्या आत पाजावे. वैशाखाच्या उन्हात त्याहून लवकर. उरलेले टाकून द्यावे. पाजताना बाटली नको, बाटलीची बूच-नळी नीट धुतली जात नाही आणि जुलाब लागतात. वाटी-चमचाच बरा.

पण वाटी-चमचा बाळाने पहिल्याच दिवशी घेतला पाहिजे ना? घेत नाही. तोंड फिरवते, रडते. आई समोर असली तर तर मुळीच घेत नाही. म्हणून ही सवय निरोप येण्याआधी पंधरा दिवस लावावी. तीही आईने लावू नये, जी सांभाळणार आहे तिने लावावी. आईने तेवढा वेळ नदीवर धुणे धुवायला जावे. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग दोन तास, मग अर्धा दिवस. यासाठी कामाची तारीख लागत नाही. आणि यातून एक गोष्ट आधीच कळते. त्या माणसाला मूल खरोखर झेपते की नाही, ते या अर्ध्या दिवसात दिसते. नाही झेपले तर दुसरे माणूस पाहायला अजून वेळ असतो.

सहा महिने झाले की दुधासोबत मऊ खिमट, कुस्करलेले केळे, वरणात कुस्करलेली भाकरी, नाचणीची पेज द्यावी.

मूल रडू नये, निजून राहावे, म्हणून काही ठिकाणी त्याला अफूचा कण देत असत. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तसे करीत. त्यांना सोय नव्हती. आज अफू गेली, तर कोणी कोणी खोकल्याचे औषध पाजून मुलाला गुंगीत ठेवतात. हे फार वाईट. गुंगीत श्वास अडकून मूल दगावू शकते. सांभाळणाऱ्या बाईला हे आधी बजावून सांगावे. तिच्या घरी ठेवलेले मूल रोज संध्याकाळी सुस्त दिसत असेल, तर स्पष्ट विचारावे.

थोरल्या मुलीबद्दल आणखी थोडे बोलतो. "आमी बी लहानपणी भावंडं सांभाळली," असे बाया म्हणतात. खरे आहे. पण घशात चिंचोका अडकला तर नऊ वर्षांची मुलगी काय करील? घाबरून पळत येईल, आणि आई तर दोन कोसांवर. त्या मुलीवर जन्मभराचा डाग बसेल, तिचा काही दोष नसताना. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, असा कायदा २००९ साली झाला आहे. कायदा राहू द्या बाजूला. तुम्ही आज हा पाठ वाचता आहात. लहानपणी तुमच्यापैकी कितीजणींच्या कडेवर भावंड होते? मुलीने शाळेतून आल्यावर बाळाला खेळवावे, गाणे म्हणावे. जबाबदारी मात्र मोठ्या माणसाची असावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण निराळीच. दिवाळीच्या आगेमागे कारखाना सुरू झाला की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली असते, त्यामुळे जावेच लागते. खाडा झाला तर पैसे कापतात. अंगावर पिणारे मूल सोबत न्यावे लागते. तेव्हा एक काम निघण्याआधी करावे. लसीचे कार्ड बरोबर घ्यावे. कामाला तारीख नसते, पण लसीला असते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि मग नववा महिना पुरा झाल्यावर गोवराची लस. कोणती लस गावात होईल आणि कोणती कारखान्यावर, हे आशाताईंना विचारून कार्डावर लिहून घ्यावे. तेथे गेल्यावर जवळच्या अंगणवाडीत कार्ड दाखवावे. दुसऱ्या गावचे मूल म्हणून त्याला आहार नाकारता येत नाही. शाळेत जाणारी थोरली मुले सोबत नेऊ नयेत. आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापाशी, नाहीतर शाळेचे हंगामी वसतिगृह असेल तर तेथे ठेवावी. त्याची चौकशी गाडी दारात आल्यावर नव्हे, दसऱ्याआधी गुरुजींकडे करावी.

आता शेवटचे काम. एक चिठ्ठी लिहा. तुम्हांला आता लिहिता येते. मोठ्या अक्षरात लिहा आणि बाळ ज्या घरी राहणार तेथे भिंतीवर लावा. ती अशी असावी:

"बाळ आठ महिन्यांचे आहे. रांगते. चूल, बादली, विळी यांपासून लांब ठेवावे.
सकाळी ९ वाजता खिमट. ११ वाजता वाटीतले दूध, ते न घेतल्यास टाकून द्यावे. १ वाजता मऊ भात-वरण. मग झोप. ४ वाजता केळे.
शेंगदाणा, फुटाणा, बोर देऊ नये.
कोणतेही औषध देऊ नये. ताप आला, जुलाब लागले, मूल सुस्त पडले तर मला लगेच फोन करावा. मी लागले नाही तर बाळाच्या बापाला. फार झाले तर १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.
बाळ फक्त आई, बाप किंवा आजीच्या हातात द्यावे."

खाली फोनचे आकडे लिहा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला चिठ्ठी दोनदा वाचून दाखवा आणि तिच्या तोंडून एकदा वदवून घ्या. तिला आकडे ओळखता येत नसतील तर फोनमध्ये आपला नंबर एका कळीवर लावून द्या. आणि मूल धरून उभे राहू लागले की ही चिठ्ठी काढून नवी लिहा, कारण मग चुलीबरोबर ओट्यावरचा दिवा, खुंटीवरची दोरी आणि फडताळातली रॉकेलची बाटली हेही त्यात घालावे लागते.